निळा स्क्रीन आणि ४८ आकडे: बिटलॉकरची किल्ली कुणाच्या नावावर?

तुमचा लॅपटॉप आत्ता अडकलेला असेल, तर एपिसोड नंतर ऐका. आधी हा मजकूर मोबाइलवर उघडा ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

विषय आहे तो निळा स्क्रीन. लॅपटॉप काल नीट चालत होता. आज सुरू केला तर तो 'बिटलॉकर रिकव्हरी' म्हणतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. "मी असलं काही लावलंच नव्हतं!" हे वाक्य मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा वाचायला मिळतं. आणि ते बहुतेक वेळा खरं असतं.

नवीन विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक मशीनमध्ये ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर ते आणखी जास्त लॅपटॉपवर होऊ लागलं. म्हणजे तुमच्या फाइल्स कुलूपबंद होतात आणि रोज ते कुलूप उघडायचं काम टीपीएम नावाची चिप गुपचूप करते. बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, बूट सेटिंगला हात लागला, कधीकधी विंडोजचं एखादं अपडेट आलं, की चिपला वाटतं, "हे माझं नेहमीचं मशीन दिसत नाही." मग ती दार उघडत नाही आणि तुमच्याकडे किल्ली मागते.

आता मुख्य मुद्दा. एन्क्रिप्शन असं आपोआप लागलं असेल, तर किल्ली सहसा हरवलेली नसते. ती कुठल्यातरी अकाउंटमध्ये जपून ठेवलेली असते. खरा प्रश्न एवढाच, की कुणाच्या नावावर? सातबारा आपल्या ताब्यात आहे म्हणून जमीन आपली होत नाही, त्यावर नाव कुणाचं ते बघावं लागतं. तसंच इथे.

आधी फोटो काढा

लॅपटॉप चार्जिंगला लावा. स्क्रीनवर 'रिकव्हरी की आयडी' लिहिलेला असतो, त्याचा मोबाइलने फोटो काढा. आयडी म्हणजे किल्ली नव्हे, किल्लीला बांधलेली चिठ्ठी. त्यातली पहिली आठ अक्षरं आपल्याला लागणार आहेत. २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर कुठल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शोधायचं याचा अर्धवट झाकलेला इशाराही तिथेच दिसू शकतो. आणि 'रिसेट'च्या वाटेला अजिबात जाऊ नका.

मग मोबाइलवर पान उघडा

ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडा. साध्या टॅबमध्ये आधीपासून लॉगिन असलेलं भलतंच अकाउंट उघडतं आणि तुम्हाला वाटतं, किल्ली नाहीच. पत्ता स्वतः टाइप करा: 'एकेए डॉट एमएस स्लॅश मायरिकव्हरीकी', सगळं सलग, स्पेस न देता. सर्च करून आलेल्या कुठल्याही लिंकवर पासवर्ड देऊ नका. लॉगिन झाल्यावर तिथे डिव्हाइसचं नाव, की आयडी, किल्ली आणि ड्राइव्ह अशी यादी दिसते. डिव्हाइसच्या नावावर जाऊ नका, आठ अक्षरं जुळवा.

जुळलं तर काम झालं. नाही जुळलं, तर पुढे वाचा.

पान रिकामं आहे

याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की अकाउंट चुकलं. इथे एक गोंधळ नेहमी होतो. जीमेलचा पत्ता वापरूनही मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढता येतं, पण ते अकाउंट वेगळं आणि त्याचा पासवर्डही वेगळा. म्हणून जीमेलमध्ये शिरून किल्ली सापडणार नाही. जुना हॉटमेल, आउटलुक, मोबाइल नंबर, सगळे पत्ते एकेक करून तपासा.

लॅपटॉप पहिल्यांदा कुणी चालू करून दिला, तेही आठवा. दादाने? मावशीने? दुकानदाराने? आपोआप लागलेल्या एन्क्रिप्शनची किल्ली त्या वेळी ज्याने आपलं अकाउंट टाकलं, त्याच्याकडे गेलेली असते. सेकंडहँड लॅपटॉप असेल तर ती जुन्या मालकाकडेही असू शकते. त्यांना फोन करा आणि आठ अक्षरं सांगा. त्यांचा पासवर्ड मागायची काहीच गरज नाही. त्यांनीच पान उघडून ४८ आकडे पाठवले की पुरे.

कॉलेजचं किंवा कंपनीचं अकाउंट लॅपटॉपला जोडलं असेल, तर किल्ली तिकडे असू शकते. त्यासाठी 'मायअकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' वर जाऊन 'डिव्हायसेस'मध्ये बघा. नाही दिसली तर तिथल्या आयटीवाल्यांना गाठा. शेवटच्या वर्षाला असाल तर घाई करा, कारण पास झाल्यावर कॉलेजचं अकाउंट बंद होऊ शकतं.

ओटीपी जुन्या नंबरवर जातोय

एका श्रोत्याने लिहिलं होतं, की वडील गेले, त्यांच्या लॅपटॉपमध्ये घरकर्जाची कागदपत्रं आणि पंधरा वर्षांचे फोटो. किल्ली वडिलांच्या अकाउंटमध्ये, ओटीपी वडिलांच्या नंबरवर, आणि घरचे त्याच आठवड्यात ते सिम बंद करणार होते. मी त्याला एवढंच कळवलं, "सिम राहू दे, रिचार्ज मार." ओटीपी आला, किल्ली मिळाली. तेव्हा घरातला कुठलाही नंबर बंद करण्याआधी त्यावर कशाकशाचे ओटीपी येतात, ते नक्की बघा.

नंबर खरोखरच गेला असेल, तर अकाउंटची सुरक्षा माहिती बदलता येते. पण जुनं काहीच हाताशी नसताना सगळंच बदललं, तर ३० दिवस थांबावं लागतं. ते ३० दिवस लॅपटॉप तसाच ठेवा. फाइल्स कुठे पळून जात नाहीत.

किल्ल्या आहेत, पण आयडी जुळत नाही

प्रत्येक ड्राइव्हची किल्ली वेगळी असते. यादीत 'ओएसव्ही' लिहिलं असेल तर ती विंडोजच्या ड्राइव्हची, 'एफडीव्ही' म्हणजे डी वगैरे दुसऱ्या ड्राइव्हची. विंडोज नव्याने टाकलं असेल तर जुनी किल्लीही यादीत पडून असते. ती चालणार नाही.

आयडी जुळतो, तरी किल्ली घेत नाही

टाइप करताना चूक झाली असणार. किल्लीत सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. १२३४२० ला जातो, १२३४२१ ला जात नाही. म्हणजे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कुठला गट बिघडला ते सापडतं.

आणि किल्ली कुठेच नसेल तर?

मग स्पष्टच सांगते: फाइल्स गेल्या. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही हरवलेली किल्ली बनवून देऊ शकत नाही. त्या ४८ आकड्यांच्या शक्यता २ चा १२८ वा घात इतक्या आहेत, अंदाज मारत बसून काही होणार नाही. "हजार रुपयांत अनलॉक करून देतो" म्हणणाऱ्याने विंडोज नव्याने टाकलं की लॅपटॉप चालू होतो, आतला डेटा मात्र पुसला जातो. पैसे देण्याआधी हा फरक त्याला विचारा.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती मशीन परत उभी करताना मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले याच ४८ आकड्यांच्या मागे धावत होते.

म्हणून ज्यांचा लॅपटॉप आज ठणठणीत आहे, त्यांच्यासाठी पाच मिनिटांचं काम. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. चालू असेल तर मोबाइलवर ते किल्लीचं पान उघडा, आपलं मशीन यादीत आहे याची खात्री करा आणि ४८ आकडे कागदावर लिहून घरच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका, तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहील. लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी हा कागद हाताशी आहे ना, तेवढं बघा.

घरात आई-बाबांचा लॅपटॉप असेल तर आज रात्री तोही तपासा, आणि किल्ली कुणाच्या नावावर निघाली ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात!