कानातली बिनतारी यंत्रे : घेण्यापूर्वी काय तपासावे?

माल हातात घेतल्याशिवाय भाव बोलायचा नाही, ही शिस्त आम्हाला वडिलांनी लावली. मोबाईलच्या बिनतारी इअरबड्सच्या बाबतीत मात्र आमच्यासारखे जुने व्यापारीसुद्धा डब्यावरचे वाचून पैसे मोजतात. पहिल्यांदा आम्हीही तेच केले आणि फसलो. एका मोठ्या कंपनीचे नाव छापलेली जोडी बाजारात फारच स्वस्त मिळाली. विकणाऱ्याने "फर्स्ट कॉपी आहे, फरक कळणार नाही" असे हसत सांगितले. तीन आठवड्यांत डाव्या कानातली मुकी झाली. कॉपीला कॉपी म्हणून विकणारा निदान खोटे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. तोच माल अस्सल म्हणून पुढे विकणारे आपल्यातही आहेत. ग्राहक एकदा तुटला की तो कापड घ्यायलाही येत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

या विषयावर लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. मालेगावचे आमचे एक यंत्रमागवाले स्नेही आहेत. तीस वर्षे लूमच्या आवाजात काढल्यामुळे आता त्यांच्याशी फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा बोलावे लागते. त्यांच्या मुलाने विचारले, "चाचा, आवाज बंद करणारे इअरबड्स कारीगरांना घेऊन दिले तर कसे?" मुलाचा हेतू नेक आहे, तेव्हा घाईत उत्तर देणे बरे वाटले नाही. आम्ही तीन वेगवेगळ्या किमतींच्या जोड्या मिळवल्या. एक विकत घेतली, दोन नातेवाईकांकडून मागून आणल्या. महिनाभर त्या कोरीटला दुकानात, नंदुरबारहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत आणि शेवटी मालेगावच्या लूमखात्यात वापरून पाहिल्या.

आधी या यंत्राची युक्ती समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. यंत्रातला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतो आणि आतली चिप त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करते. दोन्ही लाटा कानात भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९३६ सालीच मिळाले होते. पण ती बाजारात येईपर्यंत अर्धे शतक गेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने वैतागलेल्या अमर बोस यांनी या कामाला हात घातला आणि त्यांच्या कंपनीने १९८९ साली वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. या बोस साहेबांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते. ॲपलने २०१९ साली हीच युक्ती बोटाच्या पेराएवढ्या एअरपॉड्स प्रोमध्ये बसवली, तेव्हा भारतात त्यांची किंमत २४,९०० रुपये होती. आज दोन हजारांच्या आतबाहेरही डब्यावर "एएनसी" लिहिलेले सापडते.

इथेच मोठी गफलत होते. काही डब्यांवर "एएनसी" असते, काहींवर "ईएनसी". एका अक्षराचा फरक आणि काम अगदी वेगळे. एएनसी तुमच्या कानापुरता बाहेरचा आवाज कमी करते. ईएनसी तुमच्या मायक्रोफोनमधून जाणारा गोंगाट गाळते, म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला होतो. आमच्या मते ज्याचा दिवस बाजारात फोनवर भाव बोलण्यात जातो, त्याला ईएनसीच जास्त उपयोगाची. सुरतेच्या दलालाला आमचा "बावीस" "बत्तीस" ऐकू आला, तर त्या दिवशीचा नफा गेलाच समजा. म्हणून घेण्यापूर्वी दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून घरी एक फोन लावावा आणि आवाज कसा येतो ते घरच्यांना विचारावे. दुकानदार नको म्हणत असेल तर दुसरे दुकान बघावे.

आवाजाची परीक्षा आम्ही जुन्या मुशायऱ्यांच्या आणि तकरिरींच्या रेकॉर्डिंगवर केली. स्वस्त जोडीत ढोलाची धमधम भरपूर, पण माणसाचा आवाज रजईखालून आल्यासारखा. मिसरा कुठे संपला आणि दाद कुठे सुरू झाली ते कळेना. मधल्या किमतीच्या जोडीत शब्द स्वच्छ होते. सर्वांत महाग जोडी अर्थात सरस होती, परंतु मधलीपेक्षा चौपट पैसे द्यावेत इतका फरक आमच्या पन्नाशी ओलांडलेल्या कानांना जाणवला नाही. तरुणांना कदाचित जाणवेल.

कानात बसण्याचा प्रश्न बहुतेक लोक सोडूनच देतात. डब्यात रबराच्या लहान, मध्यम, मोठ्या टोप्या येतात आणि लोक लावलेली मध्यमच वापरत राहतात. आमच्या उजव्या कानाला लहान आणि डाव्याला मध्यम बसली. टोपी सैल असेल तर बाजूने आवाज शिरतो, मग आतली चिप कितीही हुशार असो, तिचा उपयोग होत नाही. तासाभराने कान दुखू लागला तर ती जोडी आपली नव्हे. बॅटरीचे "३६ तास" हे डबीतली चार्जिंग धरून असतात, शिवाय एएनसी चालू ठेवली की घटतात. दोन-तीन वर्षांनी आतला सेल थकतो आणि तो बदलून मिळणे कठीण. कापड निदान उसवून पुन्हा शिवता तरी येते! पावती, वॉरंटी, आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि भारतीय मानक ब्यूरोचा "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय माल उचलू नये.

आता मालेगावची गोष्ट. गाडीत एएनसीने कमाल केली होती. चाकांची आणि पंख्यांची घरघर एका बोटाच्या स्पर्शाने विरली. त्याच उमेदीने आम्ही लूमखात्यात शिरलो. तिथे पंखे आणि मोटारींची गुणगुण गेली, पण धोट्याचा खटका जसाच्या तसा कानावर आपटत राहिला. कारण सरळ आहे. ही युक्ती सलग, जाड घरघरीवर चालते. क्षणात येऊन क्षणात जाणाऱ्या तीक्ष्ण खटक्याची उलटी लाट बनवायला यंत्राला सवडच मिळत नाही. तो खटका जेवढा अडला, तेवढा रबराच्या टोपीने अडवला. फोनमधल्या ॲपवर आकडा पंच्याण्णवच्या पुढे नाचत होता. फोनचे माप काही काटेकोर नसते, तरी अंदाज येतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे.

खरा धोका पुढे आहे. खटका दबत नाही म्हणून कारीगर मोबाईलचा आवाज वाढवतो, म्हणजे लूमचा मार आणि वरून यंत्राचा मार. जागतिक आरोग्य संघटना अशा यंत्रांवर ऐकण्यासाठी आठवड्याला ४० तास आणि सरासरी ८० डेसिबल एवढीच सुरक्षित मर्यादा सांगते. शिवाय गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही, आमचे स्नेही डोळ्यांसमोर आहेत.

आम्ही मुलाला स्पष्ट सांगितले की, हा पैसा इअरबड्सवर घालू नकोस. कारखान्यांच्या सामानाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, काही रुपयांना जोडी. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर निरुपयोगी. मळला की फेकून द्यायचा.

मुलाने शंभर जोड्या आणल्या. पहिल्या दिवशी निम्म्या कारीगरांनी त्या खिशात ठेवल्या. "लूम बिघडली की आवाजावरून कळते, कान बंद करून कसे चालेल?" असे एका जुन्या कारीगराचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. प्लगने आवाज दबतो, बंद होत नाही. लूमचा बदललेला सूर ओळखायला चार-आठ दिवस लागतात, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. मागच्या फेरीत पाहिले तर त्यांच्या एका कानात प्लग होता. दुसऱ्या कानाचे विचारले, तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात."