बालवर्गाची स्वच्छता : फरशीपलीकडे

पाल्यासाठी बालवर्ग निवडताना रंगीत भिंती आणि लखलखीत फरशी पाहून अनेक पालक समाधान मानतात. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये अनेक आजार पसरतात ते हातांवाटे आणि तोंडात घातल्या जाणाऱ्या खेळण्यांवाटे. त्यामुळे वर्गाच्या स्वच्छतेची खरी परीक्षा हात धुण्याच्या जागेपाशी होते.

डबा खाण्यापूर्वी, शौचानंतर, नाक शिंकरल्यावर आणि मातीत खेळून आल्यावर साबणाने किमान २० सेकंद हात चोळून धुणे आवश्यक असते. सॅनिटायझर हा त्याला पूर्ण पर्याय नव्हे. मळलेल्या हातांवर त्याचा प्रभाव कमी पडतो आणि जुलाब-उलट्यांना कारणीभूत ठरणाऱ्या नोरोव्हायरसवर तो पुरेसा परिणामकारक नसतो. धुतलेले हात सर्वांनी एकाच टॉवेलला पुसले, तर सारे श्रम वाया जातात. गणवेशाला टाचलेला रुमाल नाक पुसण्यासाठी असतो. हातांसाठी प्रत्येकाचा वेगळा नॅपकिन हवा.

तोंडात घातलेले खेळणे लगेच वेगळ्या टोपलीत काढून ठेवावे. ते आधी साबणाच्या पाण्याने धुवावे, मगच जंतुनाशक वापरावे. कारण मळ असताना जंतुनाशकाचा परिणाम घटतो. नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून ते वाळवावे. ब्लीचचे सौम्य द्रावण रोज ताजे करावे. ते शौचालय धुण्याच्या आम्लात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो.

हात, पाय व तोंडात फोड आणणाऱ्या 'हँड, फूट अँड माउथ' आजारात मूल बरे झाल्यावरही काही आठवडे त्याच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतात. म्हणूनच आजारी मुलाला घरी ठेवणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागत नाही. हात धुण्याची शिस्त वर्षभर पाळावी लागते.

ही शिस्त केवळ मदतनीस मावशींवर सोपवता येणार नाही. मारिया माँटेसरी यांनी हात धुणे, टेबल पुसणे, झाडणे ही कामे मुलांच्या शिक्षणाचाच भाग मानली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा तेथेही स्वच्छतेला शिक्षणात स्थान मिळाले.

तेव्हा प्रवेश घेताना पालकांनी एक गोष्ट अवश्य पाहावी : नळ आणि साबण मुलाच्या हाताला सहज पोहोचतात का?