मध्यम आकाराचा स्मार्ट टी.व्ही. : पैसा कोठे लावावा?

शोरूममध्ये एकाच आकाराचे आठ-दहा टी.व्ही. संच ओळीने लावलेले असतात. सर्वांवर तेच झगमगीत चित्र चालू असते. किमतीत मात्र दहा-बारा हजारांचा फरक असतो. हा फरक कशाचा, हे विक्रेता सहसा सांगत नाही आणि ग्राहकही विचारत नाही. मग कोणी सर्वांत स्वस्त संच उचलतो, तर कोणी नावावर भुलून जास्त पैसे मोजतो. आपल्या मेहनतीचा पैसा दोन्हीकडे वाया जाऊ शकतो.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. स्मार्ट टी.व्ही. म्हणजे एकाच पेटीतल्या दोन वस्तू आहेत. एक म्हणजे पडदा, ज्याला पॅनेल म्हणतात. दुसरा म्हणजे त्याच्या मागे बसवलेला छोटा संगणक. पडदा नीट वापरला तर बरीच वर्षे चालतो. संगणक मात्र त्याआधीच मंद पडतो, कारण नवी अ‍ॅप्स जड होत जातात आणि जुन्या संचाला कंपनी सुधारणा पाठवणे थांबवते. संगणक थकला तर एच.डी.एम.आय. खाचेत काही हजारांची स्टिक लावून काम भागते. पडदा खराब निघाला तर त्यावर असा उपाय नाही. नवे पॅनेल बसवण्याचा खर्च ऐकून बहुतेक जण नवा संचच घेतात. म्हणून जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसा लावावा.

आकार आणि अंतर

४३ इंच हे माप पडद्याच्या कर्णाचे असते. रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर आणि उंची सुमारे ५४ सेंटीमीटर भरते. घेण्यापूर्वी भिंत मोजावी. पाच ते सात फुटांवरून पाहणाऱ्यांसाठी हा आकार पुरेसा आहे.

पूर्वी ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचावर २८ टक्के जी.एस.टी. होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत २०,००० रुपये धरली, तर पूर्वी ५,६०० रुपये कर लागे, आता ३,६०० रुपये लागतो. केवळ कर वाचावा म्हणून ३२ इंचांवर थांबण्याचे कारण आता उरलेले नाही.

फुल एच.डी. पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. मात्र ४३ इंची पडदा साडेपाच-सहा फुटांपलीकडून पाहिला, तर सामान्य दृष्टीच्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. दुकानात गिऱ्हाइकाला तीन-चार फुटांवरून भरतकामाची नक्षी किंवा दागिन्याची जडण दाखवायची असेल, तर फोर-के उपयोगाचा. घरात बसून बातम्या पाहायच्या असतील, तर त्यासाठी फार जादा पैसे देऊ नयेत.

पडद्याची परीक्षा

शोरूममधले चित्र मुद्दाम भडक केलेले असते. आपण एका पेनड्राइव्हवर आपल्याच मालाचे फोटो न्यावेत, चित्राची मांडणी साध्या प्रकारावर ठेवायला सांगावी आणि मग पाहावे. ज्या कापडाचा रंग आपल्या डोळ्यांत बसला आहे, तो पडद्यावर कसा दिसतो हे कपड्याच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. नंतर बाजूला सरकून तिरक्या कोनातून पाहावे. आय.पी.एस. जातीचे पॅनेल बाजूनेही रंग टिकवते, म्हणून ते दुकानाला बरे. व्ही.ए. जातीचे पॅनेल काळा रंग गडद दाखवते, म्हणून समोर बसून पाहणाऱ्या घराला ते बरे. स्वस्त संचावर 'एच.डी.आर.' लिहिले असले, तरी त्या पडद्याला तेवढा उजेडच नसतो. त्या अक्षरांसाठी पैसे मोजू नयेत.

स्मार्ट म्हणजे किती स्मार्ट?

काही स्वस्त संचांत गुगलची मान्यता नसलेले साधे अँड्रॉइड असते. त्यात हवी ती अ‍ॅप्स नीट चालत नाहीत. दुकानातच इंटरनेट जोडून आपण वापरतो ती अ‍ॅप्स उघडून पाहावीत. रॅम निदान २ जी.बी. असावी आणि एच.डी.एम.आय. खाचा शक्यतो तीन असाव्यात. संचावर बी.आय.एस.चे नोंदणी चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा क्रमांक आहे का, तेही पाहावे. हा क्रमांक बी.आय.एस. केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

दुकानासाठी घेणाऱ्यांनी

येथे अनेक व्यापारी बांधव फसतात. नियमित जी.एस.टी. भरणाऱ्याने दुकानाच्या वापरासाठी, दुकानाच्या नावे बिल घेतले, तर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ते मिळत नाही. पण घरगुती संचाच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर पुष्कळदा वगळलेला असतो. तीन-चार हजारांचे क्रेडिट घेतले आणि सहा महिन्यांनी पडदा गेल्यावर कंपनीने हात झटकले, तर तो सौदा तोट्याचा. म्हणून वॉरंटीचा कागद पैसे देण्यापूर्वी वाचावा आणि दुकानातील वापर चालतो का, हे लेखी घ्यावे. आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे की तालुक्याला जावे लागेल, तेही विचारावे.

स्वतःच्या हातावर पोट असलेल्या कारागिराने मात्र एक लक्षात ठेवावे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा त्याला ग्राहकच मानतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

८० वॅटचा संच रोज बारा तास चालला, तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज खातो. उजेड कमी ठेवला तर वीजही वाचते आणि पडद्यामागचे दिवेही टिकतात. एकाच लाइनीवर माग किंवा मोटारी चालत असतील, तर व्होल्टेज खालीवर होते. तेथे स्टॅबिलायझर लावण्याची काटकसर करू नये.

'बिनव्याजी' हप्ता

नो-कॉस्ट ई.एम.आय.चा बोर्ड पाहून अनेकांना वाटते की यात व्याज नाही. सर्वसाधारणपणे बँक व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते आणि व्याजावरचा १८ टक्के जी.एस.टी. ग्राहकाच्या माथी येतो. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी नावावर न जाता करारपत्र पाहावे. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : "रोख दिले तर किती घेणार?" ती रक्कम हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी निघाली, तर हप्त्याची किंमत तुम्हीच देत आहात. भिशीची पाळी येईपर्यंत थांबणे किंवा ओळखीच्या दुकानदाराशी सरळ हिशेबाने हप्ते ठरवणे, हे मार्ग खुले आहेत.

भिंतीचे माप, आपल्या मालाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह आणि वॉरंटीचा कागद वाचण्याइतका धीर, एवढे घेऊन शोरूममध्ये गेले तरी दहा हजारांचा तो फरक कशाचा आहे, हे आपले आपल्याला कळेल.