घरचा कारखाना (भाग ११) : मोडक्या गिअरची ओळख

मागच्या भागात जुन्या इंग्लिश लेथचा चेंज गिअर उतरवून टेबलावर ठेवला होता. २८ दात्यांपैकी दोन मुळापासून गेलेले, बाकीचे झिजलेले. असा गिअर दुकानात मागून मिळत नाही, करावाच लागतो. आणि करायचं ठरलं की हात आधी मिलिंग मशीनकडे जातो. माझं म्हणणं असं की गिअर कापताना क्वचितच बिघडतो; बहुतेक वेळा तो मोजतानाच बिघडलेला असतो. म्हणून आज मोजमापाला जास्त जागा देतो.

समोरासमोरचे दोन धड दाते निवडून व्हर्नियर लावला. बाहेरचा व्यास भरला ३८.१ मिमी. साध्या सरळ दात्यांच्या गिअरमध्ये दात्यांच्या संख्येत दोन मिळवून त्या आकड्याने हा व्यास भागला की मॉड्यूल मिळतं. ३८.१ भागिले ३०, म्हणजे १.२७. मॉड्यूलच्या यादीत १.२५ आहे, १.५ आहे, १.२७ नाही. ‘झिजलाय, १.२५च असणार’ असं म्हणून पुढं जाण्याचा मोह इथं होतो. पण १.२५ला व्यास ३७.५ यायला हवा, आणि झिजून गिअर मोठा होत नाही! २५.४ ला १.२७ ने भागून पाहा : बरोबर २०. गिअर इंचातला आहे, २० डीपीचा. पिच व्यासाच्या दर इंचाला वीस दाते.

आता प्रेशर अँगल. जुन्या यंत्रांत तो साडेचौदा अंश असतो, नव्यांत बहुधा वीस. दोन्ही दाते नुसत्या डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात, पण एकमेकांत नीट चालत नाहीत. इथं मला फार आवडणारी एक युक्ती आहे. व्हर्नियरच्या जबड्यांत आधी तीन दाते धरून माप घ्या, मग त्यांतलेच दोन धरून. दोन्ही मापांतली वजाबाकी २० डीपीला साडेचौदा अंशात ३.८६ मिमी येते, वीस अंशात ३.७५. झीज सगळ्या दात्यांवर सारखी असेल तर ती दोन्ही मापांत तेवढीच असते, म्हणून वजाबाकीत उडून जाते. आपला फरक ३.८६च्या आसपास आला. साडेचौदा अंश.

कटर मागताना सावध राहा. २६ ते ३४ दात्यांसाठी डीपीच्या संचात ४ नंबरचा कटर लागतो. मॉड्यूलच्या संचात नंबर उलट्या क्रमाने जातात, तिथं हेच दाते ५ नंबरवर येतात.

ब्लँक बिडाचा घेतला, बोअर करून मँड्रेलवर चढवला आणि मँड्रेलवरच बाहेरून ३८.१ला टर्न केला, म्हणजे बोअर आणि बाहेरचा घेर एका केंद्रावर राहतात. डिव्हायडिंग हेड ४०ला एक या प्रमाणाचं, त्यामुळे प्रत्येक दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा आणि २१ भोकांच्या वर्तुळावर आणखी ९ भोकं. पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही. म्हणून सेक्टरच्या दोन हातांमध्ये १० भोकं दिसली पाहिजेत. भोक चुकून ओलांडलं तर सरळ मागं येऊ नका, अर्धा फेरा मागं जाऊन पुन्हा पुढं या, नाहीतर वर्मची ढिलाई त्या दात्यात उतरते.

पूर्ण खोली २.७४ मिमी. त्याआधी कटर नुसता टेकवून पूर्ण घेरावर २८ रेघा मारून घ्या. त्यानंतरची रेघ पहिलीवर बसली तरच खरा कट घ्यायचा. मी आधी चार खाचा पुऱ्या खोल कापतो. त्यांच्यामध्ये तीन दाते उभे राहतात आणि त्यांच्यावरचं माप ९.८५ मिमीच्या किंचित आत आलं, की उरलेल्या चोवीस खाचा निर्धास्त कापता येतात.

बर काढून झाल्यावर गिअर जोडीदाराला लावताना मधे वहीच्या कागदाची पट्टी ठेवा, दोन्ही चाकं जवळ आणून बोल्ट आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. राहिली तेवढी फट पुरे.

पुढच्या आठवड्यात : स्लॉटिंग मशीन नसताना बोअरमध्ये कीवे.