दगडफुलाचे वय

बालाघाटच्या रांगेतील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात आम्ही मुलांना नेले होते. पाऊस कमी, माती उथळ; तरी खैर, पळस, बोर तग धरून आहेत. एका मुलाने खडकावरचा राखाडी पापुद्रा नाण्याने खरवडला.

"सर, हे तर अम्मीच्या मसाल्यातलं दगडफूल!"

दगडफुलाचेच ते भावंड. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार. बुरशी आसरा देते, शैवाल उन्हावर अन्न तयार करते. मुळे नाहीत; पाऊस-दवावरच भागवायचे. म्हणून वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. तळहाताएवढा पापुद्रा त्या मुलाहूनही वयाने मोठा असू शकतो. आम्ही हे सांगितले, तेव्हा त्याने नाणे गुपचूप खिशात टाकले.

मुलांना डोंगर जरूर दाखवा. खरवडू मात्र देऊ नका.