ट्यूबमधला पारा

थर्मामीटर फुटला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. शहाबादी फरशीवर चकाकते मणी पळाले. बोट लावलं की एकाचे चार, जवळ ढकलले की चारांचा पुन्हा एक. आम्ही भावंडं दिवेलागणीपर्यंत खेळलो, उरलेले मणी काडेपेटीत भरले. आज आठवलं की अंगावर काटा येतो. मोहिनी मात्र उतरलेली नाही.

पारा आहेच अजब. धातू असून उणे ३९ अंशांपर्यंत गोठत नाही. पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणजे चहाचा कपभर पारा भरेल दोन किलो! त्यात लोखंडी खिळा टाका, बुचासारखा तरंगेल. सोन्याशी मात्र भलतंच सख्य: अंगठीला लागला की सोन्यात मुरतो आणि अंगठी पांढरी पडते.

आणि हा घरात कुठे असतो? जुन्या ट्यूबमध्ये, सीएफएलमध्ये. अगदी काही मिलिग्रॅम. वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ प्रकाश टाकते, पण तो बहुतेक अतिनील, आपल्याला न दिसणारा. काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी तो गिळते आणि दिसेल असा करून परत देते. म्हणजे आपण रात्र रात्र जागून अभ्यास केला तो त्या भुकटीच्या उजेडात. (उशिरा समजणाऱ्याला आपण ट्यूबलाइट म्हणतो, त्या लुकलुकण्यामागे एवढा खटाटोप असतो हे कळायला मलाही उशीरच लागला.)

ट्यूब फुटली की ही वाफ मोकळी होते. वास नाही, रंग नाही, श्वासावाटे आत जाते आणि मज्जासंस्थेला धरते. म्हणून अशा वेळी झाडू नको. झाडूने कण आणखी पसरतात. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं बाहेर जावं, मग जाड पुठ्ठ्याने काचा गोळा कराव्यात, भुकटी चिकटपट्टीने टिपावी, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करावं. थर्मामीटरचे मणी शोधायला टॉर्च जमिनीलगत आडवा धरावा. लपलेला मणीही लकाकतो.

पण बरणी द्यायची कुणाला? घन कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात सीएफएल, ट्यूब, फुटके थर्मामीटर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, सगळं धरलं आणि शहरात दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं सांगितलं. सुक्या कचऱ्यात लपवलेली ट्यूब मात्र कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात फुटते. पुण्यात त्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आली. पिशवीवर ‘काच, पारा’ एवढे दोन शब्द लिहून वेगळी दिली तरी त्यांचे हात वाचतात.

पुनर्चक्रणाच्या यंत्रात ट्यूब बंद पेटीत फोडतात. काच वेगळी, भुकटी वेगळी होते. मग भुकटी तापवतात. ३५७ अंशांना पारा उकळतो, वाफ होते, ती थंड केली की नळीच्या टोकाला चकाकता मणी जमतो. फरशीवर पळाला होता, अगदी तसाच.