सिक्युरिटीला पुस्तक कशाला?

राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीत आहे, त्यामुळे गणवेश हवा तर आधी मैदान, हे इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. पोलीस भरतीत 100 गुणांची लेखी परीक्षाही असते आणि तिथं पुस्तकाला कोणी हसत नाही. खासगी सुरक्षेचा विषय निघाला की मात्र ठरलेलं वाक्य येतं: ‘उंची भरली, शिट्टी मिळाली, बस्स, वाचून काय करायचंय?’ उमेदवार असं म्हणाला तर समजू शकतं, पण शिकवणारेच म्हणतात तेव्हा चीड येते. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यानं रक्षकाला प्रशिक्षण सक्तीचं केलं. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांनी वर्गाला किमान 100 तास दिले, मैदानाला 60. अभ्यासक्रमात आग विझवणं, प्रथमोपचार, एफआयआर, स्वसंरक्षणाचा हक्क आहे. ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं वाचता यावीत, हेही आहे.

बरं, एकदा वाचून भागत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमं 96 ते 106 होती, ती 34 ते 44 झाली. सामान्य नागरिकानं पकडलेला आरोपी सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावा, असं सोबतच आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सांगतं. जुन्या गाइडवर शिकलेला रक्षक चोराला रात्रभर गोदामात कोंडेल आणि स्वतःच आरोपी होईल. संशोधनाचंही तसंच. सीसीटीव्हीवरच्या 40 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा 2019 मध्ये ‘क्रिमिनॉलॉजी अँड पब्लिक पॉलिसी’त आला: गुन्ह्यांत घट सुमारे 13 टक्के, परिणाम सर्वाधिक वाहनतळांवर, हिंसक गुन्ह्यांवर ठोस परिणाम नाही, पडद्यावर कोणी सतत नजर ठेवली तर गुण जास्त. यातले बहुतेक प्रयोग परदेशातले, म्हणून वसमतच्या हळदीच्या गोदामाला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. पण ‘हे कुठं तपासलं?’ असं विचारण्याची सवयही वाचनानंच लागते.

संशोधनाची नियतकालिकं इंग्रजीत, महाग, आणि ड्यूटी बारा तासांची, हा आक्षेप खरा आहे. पण ती रक्षकानं वाचावीत असं कोण म्हणतं? ते काम प्रशिक्षकाचं आणि सुपरवायझरचं. असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संस्थेचे आढावे फुकट मिळतात. एकानं वाचून हजेरीच्या वेळी पाच मिनिटं मराठीत सांगितलं तरी पुरे.

काही किरकोळ गैरसमज दूर करू: गणवेशानं पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. माजी सैनिकालाही प्रशिक्षण घ्यावंच लागतं, फक्त कमी, 40 अधिक 16 तास. आणि गुळगुळीत कागदावरची उपकरणांची जाहिरात म्हणजे संशोधन नव्हे.

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा: स्वसंरक्षणाचं कलम कितवं? उत्तर 96 आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.